तळहातांचा घाम: माझा अनुभव

परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवून लिहिणारा मुलगा म्हणजे मी. हात मिळवायची वेळ आली की आधी पँटला पुसायचे. घरचे म्हणायचे, घाबरट आहेस म्हणून घाम येतो. खरं तर उलटं होतं, घाम येईल म्हणून मी घाबरायचो!

त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "झोपेत घाम येतो का?" नाही. दोन्ही हातांना सारखाच येतो? हो. लहानपणापासून? हो. वडिलांनाही होता. मग हा प्राथमिक हायपरहायड्रोसिस, म्हणजे घामग्रंथी ठणठणीत, त्यांना हुकूम देणाऱ्या नसाच अतिउत्साही. रात्री अंथरूण भिजत असेल, वजन घटत असेल किंवा मोठेपणी अचानक सुरू झालं असेल, तर थायरॉइड, साखर, क्षयरोग, चालू औषधं हे सगळं तपासावं लागतं. माझी थायरॉइडची तपासणी केली, ती नॉर्मल आली.

आधी २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण दिलं. मी हात धुऊन लगेच लावलं आणि रात्रभर आग आग झाली. चूक माझीच. ते झोपताना पूर्ण कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवायचं असतं. तरी तळहातांवर फरक थोडाच पडला.

खरा उपयोग झाला आयंटोफोरेसिसचा. साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये हात बुडवून त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडतात. नुसत्या मुंग्या येतात. (पेसमेकर असलेल्यांना आणि गर्भवतींना हे चालत नाही.) सुरुवातीला आठवड्यातून ३ वेळा, २० मिनिटं, आता आठवड्याला एकदा. दोन आठवडे चुकवले की रुमाल पुन्हा खिशात येतो.