लेन्सवरची धूळ म्हणजे रेटिनोपथी नव्हे

रेटिनोपथी म्हणजे मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा. ती शोधण्यासाठी मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायला माणूस दोन दिवसांत शिकतो. हनुवटी टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, झालं. तिसऱ्या दिवशी तोच निदानही करू लागतो, आणि माझी डोकेदुखी सुरू होते.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शिबिर होतं. शाळेचा वर्ग, पंखा जोरात. दुसऱ्या संध्याकाळी नवा मुलगा मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सर, दोन दिवसांत अकरा जणांना कॉटन वूल स्पॉट सापडले." म्हणजे रेटिनोपथीत पडद्यावर दिसणारे कापसासारखे पांढरट डाग. अकरा? मी फोटो एकाशेजारी एक लावले. सगळ्यांत वर डावीकडे, घड्याळात दहा वाजतात तिथे, तोच करडा-पांढरा डाग. उजवा डोळा असो की डावा, जागा तीच. खरा डाग असा हुकमाने एका जागी बसत नाही. लेन्सवरची धूळ मात्र बसते. आदल्या दिवशीच्या यादीतल्या एक आजी तोवर नातवाला घेऊन एसटीने जिल्ह्याला जाऊन आल्या होत्या. नातवाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

तेव्हापासून सकाळचा पहिला फोटो मी कोणाच्याच डोळ्याचा काढत नाही. कॅमेऱ्यासमोर कोणी नसताना एक क्लिक करतो. काळ्यावर ठिपका उमटला की आधी ब्लोअर, मग लेन्सचा कागद. शर्टाच्या टोकाने लेन्स पुसणाऱ्याला मी कॅमेऱ्याजवळ फिरकू देत नाही.

दुसरा राग घाईवर. बाहुली मोठी करणारं औषध न टाकता फोटो काढायचा, तर खोली अंधारी हवी. एका डोळ्यावर फ्लॅश पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात. लगेच दुसरा डोळा घेतला तर कडेने काळी सावली येते. चार-पाच मिनिटं थांबा, गप्पा मारा, शुगर किती असते ते विचारा. तरी जमलं नाही तर डॉक्टरांना विचारून ते औषध, ट्रॉपिकामाइड, टाका, पण आधी काचबिंदूची चौकशी करा. पुढे वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ती वाचवायचा शॉर्टकट मला आजवर कोणी दाखवलेला नाही.

घाईतून जन्मणारी सर्वांत वाईट चूक म्हणजे धूसर फोटोसमोर 'नॉर्मल' लिहिणं. वाचता आला नाही म्हणजे तपासणी झालीच नाही. त्यातून हे बहुधा मोतीबिंदू असलेले, जास्त वयाचे लोक. नेमके त्यांनाच आपण घरी पाठवतो. थायलंडच्या दवाखान्यांत गूगलची फोटो वाचणारी संगणक प्रणाली वापरली तेव्हा १८३८ पैकी २१ टक्के फोटो तिने दर्जाअभावी परत केले, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. नर्सा वैतागल्या, ते साहजिकच होतं. पण यंत्राने किमान 'दिसत नाही' असं कबूल तरी केलं. माणसं तेवढंही करत नाहीत. माझ्या वहीत अशांचा वेगळा रकाना आहे, आणि त्यातला प्रत्येक जण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात. सुरुवातीच्या नुकसानीची खूण म्हणजे मायक्रोॲन्युरिझम, केशवाहिनीला आलेला बारीक फुगा. तो रंगीत फोटोत हरवतो, म्हणून हिरवा चॅनेल, म्हणजे फोटोतला फक्त हिरव्या रंगाचा भाग, उघडून बघा. असे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. दाबलेल्या फाइलमधून तेच ठिपके आधी जातात. फक्त मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, घेऊन थांबू नका, डिस्क, म्हणजे डोळ्याची नस जिथे सुरू होते ती जागा, मध्यभागी ठेवून दुसरा फोटो काढा. पडद्याला सूज आहे का, हे सपाट फोटोवरून ठामपणे सांगू नका, त्याला ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन, आहे. नजर सहा-सहा, म्हणजे नॉर्मल, आहे म्हणून कोणाला रांगेतून काढू नका. सुरुवातीला नजर बहुधा शाबूतच असते.

आणि संशोधनवाल्यांनो, एका रुग्णाचा उजवा डोळा फोटो वाचणाऱ्या संगणकाच्या मॉडेलला शिकवायला अन् डावा त्याच मॉडेलच्या परीक्षेला ठेवू नका. तो पेपर फुटलेला असतो. परवाच एकाने अशी टक्केवारी दाखवली; मी फक्त विचारलं, "रुग्ण किती?" तो फोटोच मोजत होता.