मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीची जिम सर्वांना कशी पुरवावी

मे महिना लागला की मोठ्या गृहसंकुलांच्या क्लब हाऊसमध्ये एकच तक्रार सुरू होते. ट्रेडमिल रिकामी मिळत नाही, डंबेल जागेवर नसतात, बेंचवर मुले मोबाइल पाहत बसलेली असतात आणि कोणी काही बोलले तर संध्याकाळी त्यांच्या आईवडिलांशी वाद होतो. ही तक्रार रास्त आहे. वर्षभर देखभाल शुल्क भरून आणि नेमाने व्यायाम करून ज्याने रक्तदाब किंवा गुडघेदुखी आटोक्यात ठेवली आहे, त्याचा नेम सहा आठवडे मोडणे ही किरकोळ गैरसोय नव्हे. मात्र या तक्रारीवर जे दोन उपाय सर्रास केले जातात, म्हणजे जिममध्येच मुलांवर ओरडणे किंवा सुट्टीभर त्यांना सरसकट बंदी करणे, ते दोन्ही चुकीचे आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. ओरडण्याने शेजाऱ्यांची मने दुखावतात आणि बंदी चार दिवसांत मोडते. वेळेची वाटणी, वयाचा नियम आणि मुलांना स्वतःचे असे काहीतरी देणे, या तीन गोष्टी एकत्र केल्या तरच सुट्टी सुरळीत पार पडते. पुणे, ठाणे, नवी मुंबई अशा शहरांतली संकुले डोळ्यांसमोर ठेवून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

गर्दी नेमकी का होते हे आधी ध्यानात घ्यावे. उन्हाळ्यात सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत मैदानात उभे राहवत नाही. पुण्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि विदर्भात तो पंचेचाळिशीकडे झुकतो. घरात आजी-आजोबांची दुपारची झोप असते, आईवडील कामावर असतात आणि शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. अशा वेळी संकुलात थंड, सुरक्षित आणि फुकट अशी एकच जागा उरते, ती म्हणजे वातानुकूलित जिम. त्यात पूर्वी मुले सुट्टीला मामाच्या गावाला जात, आता गावाकडची भावंडेच शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला येतात, त्यामुळे एका घरातून एकाऐवजी चार मुले खाली उतरतात. त्यांतल्या बहुतेकांना व्यायाम करायचा नसतो, त्यांना एकमेकांबरोबर वेळ घालवायचा असतो.

कोणताही नियम करण्यापूर्वी एक आठवडा मोजणी करावी. क्लब हाऊसच्या दाराशी नोंदवही ठेवून दर तासाला आत किती प्रौढ, किती ज्येष्ठ आणि किती मुले आहेत एवढेच लिहावे. मुलांची नावे लिहू नयेत, कारण आपल्याला कोणाला पकडायचे नाही, गर्दी केव्हा होते ते पाहायचे आहे. सोबत यंत्रांची क्षमता काढावी. तीन ट्रेडमिल असतील आणि प्रत्येकी वीस मिनिटांची मर्यादा असेल तर एका तासात नऊ जण धावू शकतात. नोंदवहीत एखाद्या तासाला पंधरा जण ट्रेडमिलसाठी आलेले दिसले, तर भांडण मुलांमुळे होते की मुळातच यंत्रे कमी आहेत हेही कळते. समितीपुढे हा कागद ठेवला की चर्चा मुलांच्या वळणावर न जाता वेळापत्रकावर येते.

या मोजणीतून एक गोष्ट बहुतेक ठिकाणी पुढे येते आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नोकरदार सभासद पहाटे साडेपाच ते आठ किंवा रात्री आठनंतर येतात आणि त्या वेळी मुले तुलनेने कमी असतात. खरी कोंडी होते ती सकाळी साडेदहा ते साडेबारा या वेळेत येणाऱ्यांची. घरातले सगळे बाहेर पडल्यावर खाली येणाऱ्या गृहिणी, निवृत्त मंडळी, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले पण उन्हात बाहेर जाऊ न शकणारे ज्येष्ठ, यांना एरवी हीच वेळ निवांत मिळते. सुट्टीत नेमकी तीच जाते. व्यवस्थापन समितीतले बरेचसे लोक स्वतः संध्याकाळी किंवा रात्री जिमला येतात, त्यामुळे ही अडचण त्यांच्या नजरेसच पडत नाही. वेळापत्रक करताना सगळ्यांत आधी या गटाची वेळ राखून ठेवावी आणि उरलेली वाटावी.

एक चालण्यासारखी मांडणी अशी आहे. पहाटे साडेपाच ते साडेनऊ फक्त प्रौढांसाठी. साडेनऊ ते साडेदहा साफसफाई आणि यंत्रांची पाहणी. साडेदहा ते साडेबारा ज्येष्ठ आणि इतर प्रौढांसाठी राखीव. दुपारी तीन ते पाच मुलांची बॅच, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. आणि पाचनंतर पुन्हा प्रौढांसाठी, कारण ऊन उतरल्यावर मुलांना मैदान मोकळे असते. मुलांना दिलेली वेळ ही त्यांची हक्काची वेळ मानावी. त्या दोन तासांत एखादे काका येऊन ट्रेडमिल मागू लागले, तर जो नियम मुलांना सकाळी लावला तोच त्यांना लावला पाहिजे. नाहीतर पालकांचा या व्यवस्थेवरचा विश्वास उडतो. प्रौढांना निरोगी राहण्यासाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांचा मध्यम व्यायाम लागतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे रोज पाऊण तास मिळाला तरी गरज भागते. म्हणून सुट्टीच्या काळात प्रत्येकाने पाऊण तासाची मर्यादा स्वतःहून पाळावी.

वयाचा नियम सुरक्षिततेच्या कारणासाठी हवा, आणि तो तसाच समजावून सांगावा. बारा वर्षांखालील मुलांना यंत्रांवर चढू देऊ नये, बारा ते पंधरा वयाच्या मुलांनी पालक किंवा प्रशिक्षक समोर असतानाच यंत्र वापरावे आणि सोळा वर्षांवरील मुलांना एकदा रीतसर वापर शिकवून मोकळीक द्यावी. व्यायामाने मुलांची उंची खुंटते ही समजूत मात्र नियमाचे कारण म्हणून पुढे करू नये, कारण तिला आधार नाही. योग्य देखरेखीखाली हलक्या वजनांचा व्यायाम मुलांना चालतो. धोका यंत्रांच्या हलत्या भागांचा आहे. ट्रेडमिलचा पट्टा मागच्या टोकाला रोलरखाली वळतो तिथल्या फटीत लहान बोटे सहज जातात आणि घर्षणाने कातडी भाजून निघते. अमेरिकेत मे २०२१ मध्ये पेलोटन कंपनीने एका बालकाच्या मृत्यूनंतर आपल्या ‘ट्रेड प्लस’ या जातीच्या सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत मागवल्या होत्या, यावरून हा धोका कल्पनेतला नाही हे लक्षात यावे.

या बाबतीत एक साधा उपाय आजच करता येतो. बहुतेक ट्रेडमिलला दोरी बांधलेली एक छोटी सेफ्टी की असते. दोरीचा चिमटा कपड्याला लावला की माणूस घसरताच ती निघते आणि पट्टा थांबतो. प्रत्यक्षात तो चिमटा वर्षानुवर्षे हँडलला लोंबकळत राहतो, आणि मुले चालू पट्ट्यावर बाजूने उडी मारून चढण्याची पैज लावतात. राखीव वेळ संपली की प्रशिक्षकाने सगळ्या किल्ल्या काढून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवाव्यात. किल्लीशिवाय पट्टा सुरू होत नाही, त्यामुळे कोणाला अडवावे लागत नाही की रागवावे लागत नाही. केबलच्या यंत्रांमध्ये वजनाच्या थप्पीत घालायची पिन असते. तीही काढून ठेवता येते, आणि अर्धवट घातलेल्या पिनेमुळे वजने दाणकन खाली येऊन बोटे चिरडण्याचा प्रकार टळतो. पाच किलोंपेक्षा जड डंबेल मुलांच्या वेळेत साखळीने बांधून ठेवावेत.

पण नुसते अडवून भागणार नाही. पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर चांगली हालचाल हवी असे त्याच जागतिक संघटनेचे म्हणणे आहे, आणि ती त्यांना देण्याची जबाबदारी संकुलाचीही आहे. आपल्याकडे सुट्टी आणि व्यायाम यांचे नाते जुने आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून मुलांना घडवत आले आहे, आणि दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या मुले मल्लखांबावर चढली आहेत. संकुलापासून जवळ अशी एखादी संस्था किंवा तालीम असेल तर तिच्या उन्हाळी शिबिराची माहिती एप्रिलमध्येच सूचनाफलकावर लावावी. नसेल तर एखादा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक महिनाभरासाठी नेमून पार्किंगच्या सावलीत किंवा बहुउद्देशीय सभागृहात सूर्यनमस्कार, जोर-बैठका, दोरीवरच्या उड्या, लंगडी आणि खो-खो घ्यावे. खर्च सहभागी कुटुंबांनी वाटून घ्यावा. माझा अनुभव असा की मुलांना अशी जागा मिळाली की जिमचे दार उघडे असले तरी ती आत डोकावत नाहीत.

पाहुण्या मुलांचा प्रश्न वेगळा हाताळावा. भाचरे, पुतणे आले म्हणून त्यांना परकेपणा वाटू नये, पण एका सदनिकेमागे एका वेळी दोन पाहुणी मुले आणि त्यांच्यासोबत घरातले एक मोठे माणूस, एवढी मर्यादा बहुतेकांना मान्य होते.

आता कागदोपत्री काय करायचे ते पाहू. एकट्याने व्हॉट्सअ‍ॅप गटावर लांबलचक तक्रार टाकण्यापेक्षा चार-पाच सभासदांनी मिळून सचिवांना लेखी अर्ज द्यावा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लेखी तक्रार आल्यावर समितीने ती पुढील बैठकीत ठेवून निर्णय घ्यायचा असतो आणि तो नंतर पंधरा दिवसांत कळवायचा असतो. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्यावी. अर्ज असा लिहिता येईल:

“मा. सचिव यांस, सप्रेम नमस्कार. उन्हाळी सुट्टीत जिममध्ये सकाळी साडेदहा ते साडेबारा या वेळेत होणाऱ्या गर्दीमुळे ज्येष्ठ आणि महिला सभासदांना नियमित व्यायाम करणे अशक्य झाले आहे. सोबत एका आठवड्याची नोंद जोडली आहे. मुलांना जिमपासून वंचित ठेवावे अशी आमची मागणी नाही. दुपारी तीन ते पाच ही वेळ मुलांसाठी प्रशिक्षकासह राखून ठेवावी, बाकी वेळा प्रौढांसाठी ठेवाव्यात आणि हे वेळापत्रक १५ जूनपर्यंत प्रायोगिक तत्त्वावर लागू करावे, ही विनंती. आपले नम्र,”

तात्पुरते वेळापत्रक समितीला लावता येते, परंतु नियम मोडणाऱ्याकडून दंड घ्यायचा असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी लागते. ज्या संकुलांची नोंदणी सहकारी संस्था म्हणून न होता १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली झाली आहे, त्यांनी स्वतःचे उपविधी पाहावेत.

लेखी अर्जाचा निर्णय येईपर्यंत रोजची वेळ निभवायची असते, आणि तिथे बोलण्याची पद्धतच सगळे ठरवते. यंत्रावर बसलेल्या मुलाला “ऊठ इथून” म्हणण्याऐवजी “बाळा, तुझं किती राहिलंय? तुझ्यानंतर माझा नंबर,” असे म्हणावे, मुलांना नंबर लावणे शाळेतून ठाऊक असते आणि ती बहुधा लगेच जागा देतात. एखादे मूल धोक्याचे काही करत असेल तर आधी यंत्र बंद करावे आणि मग प्रशिक्षकाला हाक मारावी. पालकांशी चारचौघांत बोलू नये. जिन्यात किंवा घरी जाऊन “वहिनी, आज ओमचा हात पट्ट्याखाली जाता जाता राहिला, म्हणून सांगायला आले,” असे सांगितले तर ती तक्रार न वाटता काळजी वाटते, आणि ती काळजीच असते. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ काढून गटावर टाकणे हे मात्र कधीही, कोणत्याही कारणाने करू नये.

ज्यांची जिम खासगी आहे त्यांनी सुट्टीच्या सवलतीच्या बॅचेस सुरू होण्याआधी व्यवस्थापकाला विचारून घ्यावे की त्या किती वाजता असतील आणि एका बॅचमध्ये किती मुले घेणार आहेत. पैसे भरताना सांगितलेल्या वेळेत जिम वापरताच येत नसेल तर तेवढ्या आठवड्यांची मुदतवाढ लेखी मागावी. साधारणपणे ती मिळते. दाद लागलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

वेळापत्रक लागू होईपर्यंत व्यायाम सोडू नये. पुणेकरांना वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडी पहाटे साडेपाचला खुणावत असतातच. इतरांनी जिने चढावेत, आणि वजनांच्या व्यायामाचे दिवस शनिवार-रविवारऐवजी मंगळवार-बुधवारी घ्यावेत.

शाळा उघडल्या की नोंदवही बंद करून कपाटात ठेवू नये. जूनअखेर समितीने पालक, ज्येष्ठ आणि मुलांचा एक प्रतिनिधी यांना बोलावून कोणती वेळ चालली आणि कोणती नाही ते लिहून घ्यावे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, तेव्हा तिच्या विषयपत्रिकेत ‘सुट्टीतील जिमचे वेळापत्रक आणि वयोमर्यादा’ हा विषय लेखी कळवून घालावा. तिथे ठराव मंजूर झाला की दिवाळीच्या सुट्टीसाठीही तो लागू होतो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये समितीला फक्त सूचनाफलकावर कागद लावायचे काम उरते.