महिला वनडेसाठी फॅन्टसी अकरा कशी निवडावी: आधी चेंडू मोजा, मग नावं

फॅन्टसी म्हणजे खऱ्या सामन्यातल्या दोन्ही संघांतून आपली अकरा जणींची टीम ॲपवर निवडायची आणि त्या मैदानात जे करतील त्यावर गुण मिळवायचे. सामन्याच्या आदल्या रात्री दोन्ही संघांची यादी घ्या आणि प्रत्येकीच्या नावापुढे दोन आकडे लिहा: साधारण किती चेंडू खेळायला मिळतील आणि किती षटकं टाकायला मिळतील. पन्नास षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला जास्तीत जास्त १० षटकं, म्हणजे ६० चेंडू. दोन्ही रकान्यांत भक्कम आकडे असणाऱ्या दोन्ही संघांत मिळून चार-पाच जणीच निघतात. तुमची अकरा त्यांच्याभोवती बांधायची.

उदाहरणाला २ नोव्हेंबर २०२५ चा विश्वचषक अंतिम सामना घेऊ, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचा भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. एक गोष्ट आधीच: ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. त्यामुळे इथला हिशोब फुकटच्या स्पर्धांसाठी किंवा मित्रमंडळींच्या गुणतक्त्यासाठी आहे.

पायरी १: गुणपद्धत वाचा. प्रत्येक ॲपचे आकडे वेगळे असतात आणि मधूनच बदलतातही. इथे धावेला १, विकेटला २५, झेलाला ८, कप्तानाला दुप्पट आणि उपकप्तानाला दीडपट असं धरू. या हिशोबात एक विकेट म्हणजे २५ धावा. एवढं डोक्यात बसलं की पाचव्या-सहाव्या क्रमांकावरची, गोलंदाजी न करणारी फलंदाज महाग का पडते ते आपोआप कळतं.

पायरी २: मैदान बघा, पण एका सामन्यावरून नको. अंतिम सामन्याआधीच्या दोन आठवड्यांत याच मैदानावर काय झालं ते पाहा. २० ऑक्टोबरला श्रीलंका २०२ वर आटोपली आणि बांगलादेशला तेवढ्याही झाल्या नाहीत. २३ ला भारताने न्यूझीलंडविरुद्ध ३ बाद ३४० केल्या. ३० ला उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा भारताने पाठलाग केला. ‘ही पाटा, म्हणजे फलंदाजीला सोपी, खेळपट्टी आहे’ असं २० तारखेचा सामना पाहिलेला कुणी म्हणणार नाही. वरच्या फळीत दम असेल तर इथे धावा होतात, एवढंच यातून घ्यायचं. पुरुषांच्या सामन्यांची सरासरी मात्र इथे लावू नका. महिलांच्या सामन्यात सीमारेषा ५५ ते ६४ मीटरवर असते, चेंडूही हलका, १४० ते १५१ ग्रॅमचा.

पायरी ३: क्रमांक तपासा. बहुतेकांची चूक इथेच होते, कारण ॲप ‘बॅटर’ एवढंच सांगतं, कितव्या क्रमांकावर ते सांगत नाही. मागच्या तीन सामन्यांची स्कोअरकार्ड उघडा आणि कोण कितवी आली ते लिहून काढा. याच विश्वचषकात इंदूरला इंग्लंडविरुद्ध भारताची जेमिमा रॉड्रिग्ज संघाबाहेर होती. पुढच्याच सामन्यात ती तिसऱ्या क्रमांकावर आली आणि नाबाद ७६ करून गेली. उपांत्य फेरीत त्याच क्रमांकावर नाबाद १२७. खेळाडू तीच, पण वर आल्यावर तिच्या वाट्याला येणारे चेंडू वाढले. रिचा घोषचं उलट. ती खाली येते, त्यामुळे वरची फळी टिकली तर तिला २०-२५ चेंडूच मिळतात. अंतिम सामन्यात तिने २४ चेंडूंत ३४ केल्या. तरी कीपर म्हणून ती चालते, कारण झेल आणि यष्टिचीतचे गुण वर मिळतात.

पायरी ४: ताज्या फॉर्मला भुलू नका. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या मॅरिझॅन कॅपने इंग्लंडचे पाच गडी अवघ्या २० धावांत घेतले होते, त्यामुळे तिच्यावर उडी पडणं साहजिकच होतं. अंतिम सामन्यात तिच्या धावा झाल्या ४. तिला घेणं चूक नव्हतं, कारण ती नवा चेंडू टाकते आणि फलंदाजीही करते. चूक असते ती फक्त एका सामन्याकडे बघून कप्तान करण्यात.

कप्तान ठरवताना पुन्हा दोन रकान्यांकडे या. दीप्ती शर्माच्या नावावर अंतिम सामन्याआधीच १७ विकेट होत्या, आणि उपांत्य फेरीत ती पाचव्या क्रमांकावर आली होती. दोन्ही रकाने भरलेले! त्या दिवशी तिने ५८ धावा आणि ५ विकेट काढल्या, म्हणजे चौकारांचे आणि इतर बोनस सोडून १८३ गुण. दक्षिण आफ्रिकेची सलामीवीर लॉरा वूल्व्हार्टने शतक ठोकलं, तरी त्याच हिशोबात तिचे धावांचे १०१. नुसत्या फलंदाजाला कप्तान करायचंच असेल तर सलामीची करा, त्याखालची नको.

पायरी ५: नाणेफेकीनंतर टीम पुन्हा उघडा. अकरा जणींची नावं तेव्हाच पक्की होतात, सामन्याच्या साधारण अर्धा तास आधी. प्रतिका रावल बांगलादेशविरुद्ध जखमी झाली आणि मूळ संघात नसलेली शफाली वर्मा सलामीला आली. जुनी टीम तशीच ठेवणाऱ्याचा एक खेळाडू शून्यावर बसला. अंतिम सामन्यात शफालीने ८७ धावा केल्या आणि वर दोन विकेट घेतल्या. धावांचा अंदाज सलामीमुळे बांधता आला असता, विकेटचा कुणालाच नाही. अशा वेळी स्वतःला दोष देऊ नका.

पावसाचं गणित वेगळं. अंतिम सामना पावसामुळे तीनऐवजी पाचला सुरू झाला, पण षटकं पूर्ण ५० च राहिली. षटकं कमी झाली तर एका गोलंदाजाला एकूण षटकांच्या पाचव्या हिश्श्याइतकीच मिळतात. भारत-बांगलादेश सामना २७ षटकांवर आला होता, म्हणजे दोघींना ६ आणि बाकीच्यांना जास्तीत जास्त ५. गोलंदाजीचा रकाना निम्म्यावर येतो. सलामीच्या फलंदाजांना मात्र त्याचा तेवढा फटका बसत नाही. म्हणून आकाश भरलेलं असेल तर नुसती गोलंदाज कमी करून वरच्या तिघींपैकी एक वाढवा. नाणेफेकही लांबू शकते, तेव्हा टीम बदलायची मुदत पुढे सरकली का ते ॲपमध्येच बघा.

शेवटची जागा उरली की क्षेत्ररक्षण बघून भरा. त्या रात्री अमनजोत कौरने थेट फेकीवर ताझमिन ब्रिट्सला धावबाद केलं आणि वूल्व्हार्टचा चेंडू हातातून उसळत असताना तिसऱ्या प्रयत्नात झेलला.