हाताला मुंग्या, रात्री झोप नाही: कार्पल टनेलचं ऑपरेशन करायचं का, आणि केलं तर पुढं काय

सगळ्यात आधी एक काम करा, रात्री हात बधिर होऊन जाग येते तेव्हा नेमकी कुठली बोटं बधिर आहेत ते बघा. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, आणि करंगळी मात्र मोकळी, असं असेल तर मनगटात नस दबली असण्याची शक्यता जास्त, यालाच कार्पल टनेलचा त्रास म्हणतात. करंगळीतच मुंग्या असतील तर ती नस वेगळी, ती बऱ्याचदा कोपरापाशी दबते. मानेतून कळ खाली उतरत असेल तर मणका बघायला लागतो. हे सांगता आलं की डॉक्टरचं पण काम सोपं होतं, नाहीतर आपल्याकडं "हाताला मुंग्या येत्यात" म्हटलं की बी ट्वेल्व्हच्या गोळ्या सुरू होतात आणि महिनेच्या महिने त्याच्यावरच जातात (बी ट्वेल्व्ह तपासा जरूर, कमी असणारे लई लोक आहेत, पण तेवढ्यावर थांबू नका).

मनगटात हाडांची एक खोबण असते आणि तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला असतो, त्या बोळातून बोटं वाकवणाऱ्या 9 दोऱ्या आणि ही एक नस दाटीवाटीनं जातात. आत सूज आली की नस चेपते. ऑपरेशन म्हणजे तो वरचा पट्टा कापून जागा करून देणं, नस कापत नाहीत की जोडत नाहीत, "नसेचं ऑपरेशन, हात लुळा पडला तर" ही भीती घरोघरी असते म्हणून मुद्दाम लिहितोय.

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिवसभर हँड ग्राइंडर धरणारे, हुपरीला चांदीचं बारीक काम करणारे, गावाकडं हातानं धारा काढणाऱ्या बायका, यांच्यात ही तक्रार ऐकायला मिळते. पण नुसतं कामावर खापर फोडू नका. शुगर, थायरॉइड, संधिवात यांच्यानं पण होतं, म्हणून ते रिपोर्ट आधी करा. गरोदरपणात झालं असेल तर बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप कमी होतं, तिथं ऑपरेशनची घाई नको.

आता मुख्य मुद्दा, करायचं कधी. लोक दुखण्यावरनं ठरवतात, जास्त दुखलं की ऑपरेशन, कमी झालं की राहू दे, आणि माझ्या मते इथंच गणित चुकतं. ठरवायचं बधिरपणावरनं आणि अंगठ्याच्या बुडाशी जी मांसल गादी असते तिच्यावरनं. मुंग्या येतात जातात, हात झटकला की बरं वाटतं, गादी दोन्ही हातांना सारखी आहे, तर अजून वेळ आहे. मग मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट रात्री झोपताना लावा, निदान दीड महिना नेमानं, मेडिकलमधला नुसता इलास्टिकचा पट्टा नाही, आत पट्टी असलेला. त्यानं नाही भागलं तर मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, काही आठवडे ते काही महिने आराम पडतो, बऱ्याच जणांना त्रास परत येतो. शुगरवाल्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढते, ते आधीच विचारून ठेवा.

पण बधिरपणा दिवसरात्र जातच नसेल, शर्टाचं बटण लावताना अंगठा दगा देत असेल, हातातला कप सुटत असेल, गादी खोलगट दिसायला लागली असेल, तर मग थांबण्यात काही शहाणपण नाही. कधीकधी अशा वेळी दुखणं उलट कमी होतं आणि माणूस खूश होतो, आणि तिकडं नस मरत असते. आमच्या आत्याचं तसंच झालं, ती म्हणायची "आता दुकत न्हाई, बरं झालंय", आणि सुईत दोरा ओवता येत नव्हता.

एनसीव्ही म्हणून टेस्ट असते, हाताला बारीक करंट देऊन नस किती मंद झालीय ते मोजतात. चुटचुट लागते, पण सहन होते. ऑपरेशनआधी ती करून घ्या, नंतर फरक पडला नाही अशी शंका आली तर तुलनेला पण जुना रिपोर्ट कामाला येतो.

ऑपरेशन हाडाचे डॉक्टर करतात, प्लास्टिक सर्जन करतात, हाताचे स्पेशल सर्जन असतील तर उत्तमच. विचारायचं एकच, तुम्ही हे नेहमी करता का. तळहातावर छोटा छेद देऊन करतात नाहीतर दुर्बिणीनं, दुर्बिणीवाले कामावर थोडे लवकर परततात, पण वर्षभरानं बघितलं तर फारसा फरक राहत नाही, त्यामुळं दुर्बिणीसाठी कर्ज काढू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पण विचारून बघा, आणि सरकारी योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. मेडिक्लेम असेल तर डे केअरमध्ये (त्याच दिवशी घरी सोडतात त्या ऑपरेशनांत) येतं का ते लेखी घ्या.

बहुतेक ठिकाणी फक्त हाताला भूल देतात, तुम्ही जागे असता, प्रत्यक्ष काम पंधरा वीस मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. भुलीची सुई आणि दंडाला पट्टा आवळला तर तो, त्रास एवढाच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. अंगठ्या घरीच काढून ठेवा, नंतर बोटं सुजतात. बांगड्या पण काढायला लागतात, त्यावरनं घरात ऐनवेळी रडारड होते, सासूबाईंशी आदल्या आठवड्यातच बोलून घ्या!

आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही, डावा हात असेल तर संडासचं काय ते आधी ठरवा. ड्रेसिंग टाके निघेपर्यंत भिजवायचं नाही. जेट स्प्रे बसवून घ्या आणि उजव्या हातानं जमवायची चार दिवस आधीच सवय करा. उजवा हात असेल तर जेवायला चमचा. अंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी, वरनं रबर, फार घट्ट नको.

पहिले दोन तीन दिवस हात हृदयापेक्षा वर ठेवा, झोपताना उशीवर. पण बोटं त्याच दिवसापासनं हलवायची, पूर्ण मूठ, पूर्ण उघड, दर तासाला थोडी. हात गळ्यात अडकवून आठवडाभर बसणारे लोक बोटं आखडून घेतात आणि मग डॉक्टरला नावं ठेवतात. खांदा आणि कोपर पण हलवा. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर हळद लावायची नाही, हाडवैद्याकडं चोळून घ्यायचं नाही. मटण खाल्लं की टाके पिकतात असं आमच्या गल्लीत ठाम मत आहे, ते सोडून द्या, जखम भरायला प्रोटीन लागतंच, टाके चिघळतात ते साखर वाढल्यानं आणि ड्रेसिंग भिजल्यानं.

ताप, पू, वाढत जाणारी लाली, किंवा गोळी घेऊनही आग होणारं बेसुमार दुखणं असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

बरं होण्याचा क्रम डोक्यात ठेवा. रात्रीची झोप बऱ्याच जणांना पहिल्या काही दिवसांतच परत मिळते. बोटांची जाणीव महिने घेते, आणि नस फार दिवस दबलेली असेल तर पूर्ण येईलच असं नाही, तिथं ऑपरेशन पुढचं नुकसान थांबवायला असतं. ताकद सगळ्यात शेवटी, दोन तीन महिने तरी. तळहाताच्या बुडाला दोन्ही बाजूंना एक वेगळंच दुखणं राहतं, जमिनीवरनं हात टेकून उठताना जीव जातो, ते तीन ते सहा महिन्यांत कमी होतं, ऑपरेशन फसलं असं समजू नका. जखम पूर्ण भरली की खोबरेल तेलानं व्रणावर दाबून चोळायचं, रोज पाच मिनिटं.

मोबाईल, चहाचा कप, शर्टाची बटणं लगेच चालतात. टेबलावरचं काम दोन आठवड्यांच्या आसपास. गाडी ब्रेक नीट दाबता येईल तेव्हाच, ॲक्टिव्हा असली तरी उजव्या हाताला अॅक्सिलेटर सतत पिळायला लागतो हे विसरू नका. भाकरी थापणं, पीठ मळणं, धारा काढणं, ओले कपडे पिळणं, ग्राइंडर, हे सगळं सहा ते आठ आठवड्यांनी, तेही थोडं थोडं वाढवत. बाईच्या हाताचं ऑपरेशन असेल तर ही सुट्टी घरातले देत नाहीत, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर "भाकरी थापू नये" असं डॉक्टरांकडनं लिहूनच घ्या, आमच्याकडं त्या एका ओळीनं काम झालं.

दोन्ही हातांना असेल तर शक्यतो एकदम करू नका, जास्त बिघडलेला आधी. तो हात नीट कामाला लागला की दुसऱ्याचा विचार, तोवर त्याला रात्रीचा स्प्लिंट चालूच ठेवा.