तांबड्या मातीवरची चिलखती गाडी: काल्पनिक सैन्यासाठी आराखडा कसा काढाल

चिलखती गाडी काढायला बसलेला माणूस बहुधा बुरूज (छतावरची बंदुकीची फिरती घुमटी) आधी काढतो. मग त्याखाली गाडी बसवतो, आणि वजन मोजेपर्यंत आकडा सात टनांवर गेलेला असतो. कथेसाठी असो, मॉडेलसाठी असो की कागदावरच्या युद्धखेळासाठी, क्रम उलटा धरा: आधी रस्ता, मग चासी (इंजिन-चाकांसह गाडीचा खालचा पाया), मग पत्रा. बुरूज सगळ्यात शेवटी.

समजा, १९३० च्या सुमाराचं एक काल्पनिक सैन्य आहे आणि त्याचा मुलूख थेट गोव्यासारखा आहे. तेव्हा मांडवीवर रस्त्याचा पूल नव्हता. तो १९७० मध्ये झाला (आणि १९८६ मध्ये कोसळला). झुआरीवरही नव्हता. म्हणजे गाडी होडीत चढणार, होडीतून उतरणार. खाजनातून (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीतून) जायचं तर बांधावरून, आणि बांधाच्या दोन्ही अंगांना चिखल. घाटात चढ, वर सुमारे ३,००० मिमी पाऊस. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली तरी गोवा डावीकडूनच चालत राहिला, तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे ठेवा.

एवढ्यावरून वजनाची मर्यादा ठरते: साडेतीन टन. त्या काळची सात टनांची सहाचाकी ब्रिटिश चिलखती गाडी लँचेस्टर दिसायला झकास, पण इथे ती पहिल्याच बांधात रुतेल.

चासी बाजारात मिळणारीच घ्या. चार गियरचा दीड टनी फोर्ड एए ट्रक धरा: ३.३ लिटरचं इंजिन, ४० अश्वशक्ती, दोन आसांमधलं अंतर ३.३४ मीटर. सुटे भाग कुठल्याही गॅरेजात मिळतात, आणि छोट्या सैन्याला हे पत्र्याच्या जाडीइतकंच महत्त्वाचं. रशियाने याच ट्रकची आवृत्ती काढून तिच्या तीन आसांच्या चासीवर चिलखती गाड्या बांधल्या, त्या उगीच नाही.

आता पत्रा. एक चौरस मीटर, एक मिमी जाड पोलादाचं वजन ७.८५ किलो, हे पाठ करून ठेवा. साध्या रायफलच्या गोळीला ७ मिमी कडक केलेला पत्रा मध्यम अंतरावर पुरतो. चिलखतभेदी गोळी जवळून आली तर ९ मिमीही भरवशाचा नाही. म्हणून पुढे ९, बाजूंना ७, मागे ६, छत आणि तळाला ४ मिमी. हिशेब असा:

समोर २ चौ. मी.: १४१ किलो
दोन्ही बाजू मिळून ६ चौ. मी.: ३३० किलो
मागे १.८ चौ. मी.: ८५ किलो
छत आणि तळ, ४ चौ. मी. प्रत्येकी: २५१ किलो
बुरूज, सव्वा मीटर व्यास, अर्धा मीटर उंच, भिंत ८ मिमी, छत ४ मिमी: १६२ किलो

बेरीज सुमारे ९७० किलो. सांगाडा, रिव्हेट, झडपा, बिजागऱ्या यांचे अजून १७० धरा. आराखड्यात हेच हमखास विसरलं जातं. म्हणजे ११४० किलो. चासी-इंजिन १३००, तीन माणसं २२५, मशीनगन आणि तिचा माउंट ६०, ३,००० काडतुसं पट्ट्या-पेट्यांसह ११०, ८० लिटर पेट्रोल ६०, पाणी ३०, दोन जादा चाकं १००, पाने-दोरखंड-फळ्या ७५. एकूण ३१०० किलो. राहिलेल्या चारशे किलोंवर तोफ ठेवायचा मोह होईल. ठेवू नका, पावसात भिजलेला चिखल चाकांना आणि तळाला किती चिकटतो ते पाहा, मग बोलू.

तिरप्या पत्र्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: तिरपा लावला की वजन वाचतं. नाही वाचत. ९ मिमी पत्रा उभ्या रेषेपासून ३० अंश कलला की समोरून १०.४ मिमी होतो खरा, पण तीच उंची झाकायला पत्रा तेवढ्याच प्रमाणात लांब लागतो. फायदा एवढाच की गोळी घसरून जाते, आणि तो फायदा घ्यावाच. मात्र चालकाच्या डोक्यावरची जागा त्यात जाते, म्हणून बाजूच्या भिंतींचा कल १५ अंशांपेक्षा जास्त ठेवू नका.

पत्रा कडक करण्याआधीच भोकं पाडायला हवीत, कारण नंतर ड्रिल चालत नाही. पण कडक करताना पत्रा थोडा वाकतो आणि भोकं जुळत नाहीत. म्हणून सांगाड्यातली भोकं दोन मिमी मोठी ठेवा. शिवाय रिव्हेटच्या डोक्यावर गोळी बसली की आतलं टोक तुटून बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. चालकाच्या आसपास तरी शंकूच्या डोक्याचे बोल्ट घ्या. पाहण्याच्या फटीला आतून पट्टी हवी. गोळी पत्र्यावर फुटली की शिसं वितळून शिंतोडे उडतात आणि ते नेमके फटीतून आत येतात.

चढाचं गणित करून पाहा, डोळे उघडतात. १:७ चढावर ३१०० किलोच्या गाडीला ४४३ किलोची ओढ लागते, ओल्या चिऱ्याच्या रस्त्यावर चाकांचा अडथळा १२४, मिळून ५६७. पहिल्या गियरमध्ये इंजिन चाकाशी १४०० किलोच्या वर जोर देतं, म्हणजे इंजिनाची अडचण नाहीच. अडचण पकडीची. मागच्या आसावर २०१५ किलो वजन आलं आणि पकड ०.३ (म्हणजे त्या वजनाच्या ०.३ पट) असली तर ६०४ किलो ओढ मिळते, जेमतेम पुरेल इतकी. पकड ०.२५ वर आली की ५०४, आणि चाकं जागीच फिरतात. साखळ्या पुढे बांधून काही उपयोग नाही, मागच्या चाकांनाच हव्यात. पैसा असेल तर मागे दोन आसांची सहाचाकी चासी.

होडीच्या उतरणीवर वेगळंच संकट. तळ जमिनीपासून २५ सेंमी वर असला तर दोन आसांमध्ये पोट न टेकता ओलांडता येणारा कोन फक्त १७ अंशांचा सुटतो. भरती उतरलेली असताना धक्क्याची उतरण त्याहून तीव्र झाली की गाडी पोटावर टेकते आणि चाकं हवेत. रशियन चिलखती गाडी बीए-१० वर यासाठी फार छान युक्ती होती: जादा चाकं बाजूंना, मोकळी फिरतील अशी लावलेली. पोट टेकण्याआधी तीच टेकतात. आपल्या शंभर किलोच्या चाकांना फुकटात दुसरं काम मिळालं.

उष्णतेचा विचार सुरुवातीलाच करा. भारतातल्या ब्रिटिश क्रॉस्ली चिलखती गाड्यांना आतून ॲस्बेस्टॉसचं अस्तर होतं. तुमच्या गाडीला नारळाच्या काथ्याची जाड चटई पुरेल, फक्त एक्झॉस्टच्या बाजूला नको. रेडिएटरपुढच्या झडपा चालकाला आतून उघडता-मिटता आल्या पाहिजेत. मिटून चढ चढलात तर पाणी काही मिनिटांत उकळेल.

बुरूज हाताने फिरवायचा, गोट्यांच्या (बॉल-बेअरिंगच्या) कड्यावर. कलत्या जागेवर मशीनगनच्या नळीचं टोक आपोआप खाली सरकतं, म्हणून ब्रेकची खिटी हवीच.

फ्रेंच चिलखती गाडी पानार १७८ सारखा मागे दुसरा चालक तुमच्या वजनात बसणार नाही. त्याऐवजी मागच्या भिंतीत झडप, आणि बुरुजातल्याने चालकाच्या खांद्यावर थापा मारून दिशा द्यायची: डाव्या खांद्यावर डावीकडे, दोन्हींवर थांब. बांधावर गाडी वळत नाही, मागेच यावं लागतं. दारं दोन्ही बाजूंना ठेवा. एकच दार ठेवलं तर गाडी कलली की ते खाजनाच्या पाण्यावरच उघडेल.