आयटी मासिकासाठी पहिला लेख लिहिताना

हिंजवडीत किंवा खराडीत दोन-तीन वर्षं काम केलं की लिहिण्याजोगं बरंच हाताशी येतं. पण सहकाऱ्याला पाठवलेलं टिपण आणि व्यावसायिक मासिकातला लेख यांत मोठा फरक आहे. छापलेलं मागाहून दुरुस्त होत नाही, आणि अंक वाचकाच्या हाती पडेपर्यंत आठवडे उलटतात.

जावा प्रोग्राममध्ये नोंदी (लॉग) ठेवणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीचंच बघा. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्यातली सुरक्षेची त्रुटी उघड झाली, २.१५.० ही दुरुस्ती आली आणि अपुरी ठरली. त्याच महिन्यात पाठोपाठ २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ आल्या. ‘२.१५.० बसवा’ एवढंच छापलं असतं, तर वाचक धोक्यातच राहिला असता. म्हणून आवृत्तीच्या आकड्याशेजारी तपासल्याची तारीख लिहा आणि लेखाचा भर कारणावर ठेवा: लॉगमध्ये आलेला मजकूर नुसता नोंदवण्याऐवजी लायब्ररी त्यातला पत्ता जेएनडीआयमार्फत (नावावरून हवी ती गोष्ट शोधून देणारी जावाची सोय) शोधायला जात होती. हा भाग पुढच्या वर्षीही तितकाच उपयोगी असतो.

प्रत्येक कमांड कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर, लेखातूनच कॉपी करून चालवा. स्वतःच्या लॅपटॉपवर आधीपासून बसवलेलं एखादं पॅकेज सांगायचं राहून जातं आणि वाचक तिसऱ्याच पायरीवर अडकतो. दुसरा घोळ वर्ड करतं. सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते, आणि मग ती कमांड चालत नाही. कोड वेगळ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्येच पाठवा. मासिकाचा स्तंभ अरुंद असतो, त्यामुळे लांब ओळी कुठे तोडायच्या ते तुम्हीच ठरवा. ते मांडणी करणाऱ्यावर सोडू नका.

स्क्रीनशॉट पीएनजीमध्येच द्या, जेपीईजीत अक्षरांच्या कडा फुटतात. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे साडेतीन इंच रुंद चित्राला १०५० पिक्सेल लागतात. लहान चित्र ताणून मोठं केल्याने काही साधत नाही. टर्मिनलचा फॉन्ट वाढवा, खिडकी लहान करा आणि पुन्हा टिपा.

त्या चित्रांत कंपनीचे सर्व्हर, ग्राहकाचं नाव किंवा आतले आयपी पत्ते दिसता कामा नयेत. नुसतं धूसर केलेलं पुरत नाही, कारण त्यावरून मूळ मजकूर काढता येऊ शकतो. नमुन्यांसाठी १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ हे पत्ते मुद्दाम राखून ठेवलेले आहेत, तेच वापरा. नेमणूकपत्रातलं गोपनीयतेचं कलमही नीट वाचा आणि परवानगी ईमेलवर, लेखीच घ्या. व्यवस्थापक तोंडी ‘हो’ म्हणाले आणि लेख पाठवला, की कायदा विभाग पुढे तो नेमका छपाईच्या तोंडावर अडवतो.

संपादकांना आधी पूर्ण लेख पाठवू नका. अडचण कोणती, कुणाला येते, तुमचा उपाय कशावर तपासला आणि तो कुठे चालत नाही, हे दहा-बारा ओळींत कळवा. यातला शेवटचा मुद्दा नवखे बहुधा गाळतात. जाणता संपादक आधी तोच शोधतो.