मंदीत अडचणीत आलेलं वर्कशॉप विकत कसं घ्यावं

2019-20 या वर्षात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री सुमारे 18 टक्क्यांनी घसरली आणि वर्ष संपता संपता टाळेबंदी लागली. मोठ्या कंपन्यांनी पाळ्या कमी केल्या. त्यांना सुटे भाग देणाऱ्यांनी ऑर्डरी थांबवल्या आणि सगळ्यात शेवटी धक्का बसला तो पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या भाड्याच्या शेडमध्ये दोन सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ) आणि एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) टाकून जॉबवर्क, म्हणजे मजुरीवर पार्ट बनवून देण्याचं काम करणाऱ्यांना. मी अशा वर्कशॉपांचे हिशेब लिहितो. तेव्हापासून पाच-सहा खरेदी-विक्रीच्या टेबलांवर बसलोय, कधी विकणाऱ्याकडून, कधी घेणाऱ्याकडून. त्यावरून हे लिहितोय. बेकरी, छापखाना किंवा यंत्रमाग घ्यायचा असेल तरी बरंचसं असंच लागू पडेल.

धंदा शोधा, पण पाटीच्या शोधात फिरू नका

‘वर्कशॉप विकणे आहे’ अशी पाटी कोणी लावत नाही. पाटी लागली की कच्चा माल देणारा उधारी बंद करतो आणि चांगला ऑपरेटर दुसरीकडे नोकरी बघतो. बातमी आधी कळते ती इन्सर्ट (धातू कापणारी बदलती पाती) आणि कटिंग ऑइल विकणाऱ्याला, कारण त्याची बिलं थकलेली असतात. मशीन दुरुस्तीला जाणाऱ्या इंजिनिअरलाही कळते. या दोघांशी चहा पीत चला.

बँकेच्या लिलावातही मशीन मिळतात, पण तिथे माल ‘जसा आहे, जिथे आहे’ तसा घ्यायचा असतो आणि गिऱ्हाईक सोबत येत नाही. त्यामुळे मी त्याला धंदा घेणं म्हणत नाही.

आजार कोणता, ते आधी बघा

सगळा व्यवहार इथेच ठरतो, म्हणून इथे वेळ घालवा. मंदीत प्रत्येक विकणारा एकच वाक्य म्हणतो: “मार्केट डाऊन आहे हो, नाहीतर आपलं मस्त चाललं होतं.” काहींच्या बाबतीत ते खरं असतं. काहींचा धंदा मंदीच्या दोन वर्षं आधीच घसरलेला असतो, मंदी फक्त निमित्त होते.

फरक कळायला तीन वर्षांचे महिनावार आकडे मागा आणि एका कागदावर मांडा. एका व्यवहारातले आकडे थोडे गोल करून सांगतो. चांगल्या काळात महिन्याला 6 लाखांची जॉबवर्कची बिलं होत होती, ती 3 लाख 20 हजारांवर आली. खर्च असा: पगार 1 लाख 70 हजार, शेडचं भाडं 45 हजार, वीज 40 हजार, इन्सर्ट-तेल 35 हजार, वाहतूक आणि किरकोळ 20 हजार. एकूण 3 लाख 10 हजार. म्हणजे काम निम्म्यावर येऊनही 10 हजार उरत होते. मालक बुडत होता तो मशीनच्या 1 लाख 10 हजारांच्या हप्त्याखाली. धंदा धड होता, कर्ज डोईजड झालं होतं. असा धंदा घेण्यासारखा असतो.

आता याच्या उलट बघा. ज्याची बिलं 2017-18 मध्येच घसरायला लागली होती, ज्याचं 80 टक्के काम एकाच गिऱ्हाइकाकडून यायचं आणि त्या गिऱ्हाइकाने तो पार्टच बंद केला, तिथे हप्ता नसता तरी दिवा विझणारच होता. मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून त्यात पडू नका.

फक्त मालकाच्या वहीवर विसंबू नका. वीजबिलावर मागच्या वर्षभराचा युनिटांचा वापर छापलेला असतो, तो जीएसटी रिटर्नमधल्या विक्रीशेजारी ठेवा. विक्री दुप्पट आणि युनिटं तेवढीच असतील तर प्रश्न विचारा. चिप्सचं (कापताना निघणाऱ्या लोखंडी चुऱ्याचं) भंगार किती किलो विकलं, हेही विचारा. शेवटी लेथ चालला की लोखंड कापलं जातं, वीज जळते आणि भंगार निघतं. या तिघांचं जमत नसेल तर विक्रीचा आकडा कागदावरचा आहे.

शेडमध्ये दोन दिवस बसा

एका मालकाने मला शेड दाखवली तेव्हा व्हीएमसी नुकतीच पुसलेली होती. चकचकीत. घेणाऱ्याने सोबत आणलेल्या जुन्या फिटरने काही न बोलता स्पिंडलला (हत्यार फिरवणाऱ्या दांड्याला) डायल, म्हणजे डगमग मोजायचं काट्याचं माप लावला, हाताने फिरवला आणि काटा बघून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “शेठ, मशीन गार आहे. तासभर चालवा, मग बघू.” तासाभराने स्पिंडलचा आवाज बदलला. बेअरिंग गेलं होतं. तेवढे पैसे भावातून कमी झाले, आणि मालकानेही वाद घातला नाही, कारण त्याला ते माहीत होतं. मशीन नेहमी गरम झाल्यावर, खऱ्या जॉबवर, मापं घेऊन तपासा.

फिक्स्चर (पार्ट पकडायचे साचे) आणि गेज (मापायची साधनं) कोणाचे आहेत तेही विचारा. अनेकदा ते गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात आणि विकणारा मात्र यादीत बिनधास्त धरतो.

मागची देणी कोणाच्या गळ्यात पडतात?

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअर घेतले तर तिची सगळी जुनी देणी कंपनीवर तशीच राहतात, आणि ती कंपनी आता तुमची असते. म्हणून लहान धंद्यात मी शक्यतो मशीन, हत्यारं आणि नावलौकिक (गुडविल) एवढंच करार करून घ्या म्हणतो. तरीही काही गोष्टी पाठलाग करतात.

जीएसटी: धंदा हस्तांतरित झाला तर तोपर्यंतच्या थकलेल्या करासाठी कायद्याच्या कलम 85 प्रमाणे घेणारा आणि देणारा दोघेही जबाबदार असतात. चालू स्थितीतला अख्खा धंदा घेतला तर त्या हस्तांतरणावर जीएसटी लागत नाही आणि विकणाऱ्याचं शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-02 फॉर्म भरून तुमच्याकडे आणता येतं. सुटी मशीन घेतली तर बिलावर कर लागतो.

भविष्य निर्वाह निधी: थकबाकी असेल तर नव्या मालकाकडूनही वसूल होते. चलनं कामगारांच्या नावानिशी तपासा.

वीज: मागच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये स्पष्ट केलं. थकबाकी नसल्याचा दाखला आधी, टोकन नंतर.

तारण: मशीन बँकेकडे गहाण आहे का, ते सेरसाईच्या (तारणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या) संकेतस्थळावर शोधा आणि बँकेची ना-हरकत लेखी घ्या. पैसे मालकाच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरले तर सगळ्यांनाच झोप लागते.

जागा: प्लॉट एमआयडीसीचा (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा) असेल तर तो विकत घेतलेला नसतो, सहसा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. ते कोण भरणार, हे आधी ठरवा. शेवटच्या दिवशी यावरून भांडणं होताना मी पाहिलीत.

व्हेंडर कोडचं काय?

मशीन तुमची झाली तरी गिऱ्हाइकाच्या कागदावर काम जुन्याच फर्मच्या नावाने असतं. नवी फर्म म्हणजे नवा व्हेंडर कोड (गिऱ्हाइकाच्या पुरवठादार यादीतला नंबर), नवं ऑडिट, नवे सॅम्पल, आणि यात महिने जातात. माझ्या माहितीतल्या एका घेणाऱ्याने सगळं चोख केलं, फक्त हे विचारायचं राहिलं. चार महिने मशीन त्याच्या, पगार त्याचे, काम शून्य. म्हणून मालकाला घेऊन दोन मोठ्या गिऱ्हाइकांच्या खरेदी विभागात आधी जाऊन या.

भाव आणि पैसे देण्याची पद्धत

मशीनचा आजचा बाजारभाव काढा, त्यातून दुरुस्ती वजा करा, नावलौकिकाचे थोडे धरा. येणी (गिऱ्हाइकांकडे थकलेली जुनी बिलं) विकत घेऊ नका. ती जुन्या मालकानेच वसूल करावीत. त्याची फर्म उद्यम (लहान उद्योगांच्या सरकारी) नोंदणीतली सूक्ष्म किंवा लघु असेल तर 45 दिवसांपुढे थकलेल्या बिलांसाठी त्याला सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते. हे त्याला सांगा, तुमचं काही जात नाही.

एकरकमी देऊ नका. साधारण 60-70 टक्के ताबा घेताना आणि उरलेले सहा महिन्यांनी, जुनं देणं निघालं तर त्यातून कापून, असं लिहून घ्या. “थोडे रोखीत द्या” म्हणाला तर नाही म्हणा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि कागदावर कमी भाव दिसला तर उद्या बँकेकडे तुमचीच बाजू लंगडी पडते.

विकणारा उद्या शेजारच्या गल्लीत तसंच वर्कशॉप काढणार नाही, हेही करारात घाला. पण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे अशी बंदी एरवी टिकत नाही. नावलौकिक विकला असेल तरच, आणि तीही ठरावीक भागापुरती वाजवी असेल तर टिकते. म्हणून ‘नावलौकिक’ हा शब्द आणि त्याची रक्कम करारात स्वतंत्र ओळीत हवी.

आणि सगळे पैसे खरेदीत घालवू नका. सहा महिन्यांचे पगार, भाडं आणि वीज एवढी रक्कम बाजूला असेल तरच सही करा. वरच्या उदाहरणात ती 15 लाखांच्या पुढे जाते. कर्ज काढून घेतलंत आणि हप्ता पुन्हा लाखाचा बसला, तर आधीच्या मालकाचा आजार तुम्ही पैसे मोजून घेतलात.

ताबा घेतल्यावर

जुन्या मालकाला तीन महिने पगारावर ठेवा. कोणत्या गिऱ्हाइकाकडे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कागदावर वेगळा आणि चालवून घेतात वेगळा, हे फक्त त्याच्या डोक्यात असतं. कामगारांची सेवा अखंड धरणार की हिशेब चुकता करणार, ते आधीच लेखी करा, कारण ग्रॅच्युइटीची वर्षं त्यावर मोजली जातात. पहिल्या दिवशी शेडमध्ये भाषण करू नका. त्यांना एवढंच ऐकायचं असतं की पगार सात तारखेलाच होणार का. तो सहा तारखेला करा.